कडी कुठल्या बाजूला?

देवळाली कॅम्पात आमची एक खोली होती. दहा बाय बाराची. तिला मागं पत्र्याची पडवी. माणसं सात. बाप बंगल्यांवर माळीकाम करायचा, आई भांडी घासायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझी थोरली आत्या माहेरी परत आली. नवऱ्यानं टाकलेली, मांडीवरचं पोर गेलेलं. वर्षभरात तिचं डोकं फिरलं. रात्री उठून ती रेल्वेच्या रुळाकडं चालू लागायची. दोनदा लोकांनी धरून आणली. मग आईनं पडवीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली आणि ती कडी लावायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा दहा वर्षांचा.

"कडी घाल रं," आई म्हणायची. मी घालायचो. आतून आत्या विचारायची, "दार उघडं हाय का?" मी म्हणायचो, "हाय आत्या. झोप तू."

मित्रांनो, आज माझी साठी उलटली. नामांतराच्या लढ्यात आम्ही लाठ्या खाल्ल्या. काळारामाच्या बंद दारावर तासतासभर भाषणं ठोकली. पण आमच्याच पडवीच्या दाराबद्दल मी आजवर कुठं एक अवाक्षर काढलं नाही. आता काढतो. वेड्या माणसासाठी जागा कशी बांधावी? कुठल्या जागेला दवाखाना म्हणावं आणि कुठल्या जागेला कोंडवाडा? तुम्ही म्हणाल, हा इंजिनियरांचा प्रश्न आहे. मला विचाराल तर हा नीतीचा प्रश्न आहे, आणि आपल्या चळवळीचाही आहे.

'वेडा' हाच शब्द मी मुद्दाम वापरतोय. शिवी म्हणून नाही. वस्तीत तोच शब्द आहे, म्हणून.

मला माहीत आहे, काही कार्यकर्ते लगेच म्हणतील की मनाचे आजार हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत. ज्याच्या पोटाला नाही त्याला कसलं आलंय मन? हे ऐकलं की मला राग येतो. माणूस म्हणून जगायचा हक्क मागायचा आणि माणसाचं मन मात्र सवर्णांच्या नावावर लिहून द्यायचं? आपल्या वस्तीत काय कमी मनं मोडलीत? कुणाला देवीचं वारं म्हणून झाकलं, कुणाला करणी म्हणून मांत्रिकाकडं नेलं, कुणाला दारूडा म्हणून सोडून दिलं. नाव बदललं म्हणून आजार बदलत नाही.

आता आमच्या गावाचीच गोष्ट घ्या. इंग्रजी भाषेत वेड्या माणसाला एक शब्द आहे, 'डूलॅली'. हा शब्द आमच्या देवळालीचा. गोऱ्यांच्या जिभेला देवळाली नीट म्हणता आली नाही, तिची डूलॅली झाली. पूर्ण शब्द होता 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप!

हा ताप कसला होता? १८६० नंतरच्या काळात इंग्रजांनी इथं लष्कराचा तळ केला. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई इथं आणून ठेवायचे आणि मुंबईहून बोटीत बसवून विलायतेला पाठवायचे. पण सैन्याच्या बोटी सुटायच्या फक्त थंडीच्या हंगामात. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाला संपली तो पुढच्या थंडीपर्यंत इथंच पडून. हाताला काम नाही, कवायत नावाला, घर समुद्रापलीकडं, आणि बोट कधी लागेल ते वरच्या साहेबाला ठाऊक. माणसं प्यायला लागायची, मारामाऱ्या करून कोठडीत जायची, आजार लावून घ्यायची. कुणाचं डोकंच फिरायचं. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं १९३६ साली आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलं. हा गडी कोळशाच्या खाणीत राबलेला. त्यानं लिहिलं ते असं की एरवी चांगले शिपाई म्हणून राहिलेली माणसं इथं नुसती वाट बघून बिघडली.

यातून काय कळतं? त्या शिपायांचं रक्त खराब नव्हतं की त्यांच्या पूर्वजन्मीचं पाप आडवं आलं नव्हतं. जागा आणि जागेचे नियम यांनीही माणसाचं डोकं फिरतं. कुठं थांबायचं, किती थांबायचं, बाहेर कधी पडायचं, यातलं काहीच ज्याच्या हातात नाही त्याचं मन हळूहळू सुटायला लागतं. म्हणजे जागा माणसाला आजारी पाडू शकते. मग जागा माणसाला बरंही करू शकली पाहिजे. एवढं तर साधं आहे.

पण गोष्ट इथंच संपत नाही. त्या गोऱ्यांना पाणी भरणारा भिस्ती, पंखा ओढणारा, त्यांचे संडास साफ करणारा, घोड्याची लीद काढणारा, हीही माणसंच होती. तीही याच कॅम्पात राहत होती, कडेच्या लाइनीत. त्यांना विलायतेची बोट नव्हती आणि दुसरीही कुठली बोट नव्हती. त्यांच्यातही कुणाचं डोकं फिरलंच असेल. त्यांच्या वेडाचा शब्द कुठल्या डिक्शनरीत आहे? गोऱ्याच्या वेडाला आमच्या गावाचं नाव मिळालं. आमच्या वेडाला काय मिळालं, तर बाहेरून कडी.

याच देवळालीची हवा चांगली म्हणून पैसेवाल्यांनी इथं सॅनेटोरियमं बांधली. लॅम रोडनं चालत जा, अजून दिसतील. लांबरुंद व्हरांडे, समोर बाग, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा खोल्या, आरामखुर्च्या. मुंबईचे शेठ लोक हवापालटाला यायचे. माझा बाप असल्याच बागांना पाणी घालायचा. बरं होण्यासाठी माणसाला काय लागतं हे बांधणाऱ्यांना पक्कं माहीत होतं, असं मला आज वाटतं. उजेड लागतो, वारा लागतो, झाड दिसावं लागतं, आणि वाटलं तर बाहेर, वाटलं तर आत असं उठता-बसता यावं लागतं. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं १९८४ साली एक पाहणी छापली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या काही रोग्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, काहींना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखणं थांबवायची कडक औषधंही कमी लागली. ही वेड्यांवरची पाहणी नव्हती, पण खिडकी औषधाचं काम करते एवढं त्यातून कळतं. शेठजींना हे पाहणीवाचून कळलं होतं. प्रश्न एवढाच की हे कळणं पगारी माळ्याच्या बहिणीपर्यंत का पोचलं नाही?

तिच्यापर्यंत पोचलं ते दुसरंच.

महाराष्ट्र सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं आणि चौथं पुण्याजवळ येरवड्याचं. वर्षानुवर्षं मंजूर खाटा अशा: येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. सगळ्या मिळून ५६९५. आपल्या बोलण्यात बघा, 'याला ठाण्याला न्या', 'याला येरवड्याला पाठवा' म्हटलं की हसायचं असतं. येरवड्याला तुरुंग आणि मनोरुग्णालय एकाच शिवारात. तो काळच तसा होता. १८५८ चा कायदा आणि १९१२ चा कायदा वेड्याला बरं करण्यापेक्षा वेड्यापासून गावाला सांभाळण्यासाठी जास्त होते. म्हणून उंच भिंत, एकच फाटक, लांबच लांब वॉर्ड, वर गज असलेल्या खिडक्या. म्हणून जागा गावाबाहेरची. आपल्याला ही रचना ओळखीची वाटते, नाही का? गावाला जे नको ते गावकुसाबाहेर. महारवाडा काय आणि वेड्यांचं इस्पितळ काय, जमीन मोजणाऱ्याची साखळी एकच होती.

वेडातसुद्धा वर्ण होता. रांचीला १९१८ साली गोऱ्या वेड्यांसाठी वेगळं इस्पितळ निघालं आणि देशी वेड्यांसाठी १९२५ साली दुसरं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसालाही कातडीचा रंग सुटला नाही!

एक मात्र मान्य केलं पाहिजे. त्या जमान्यात औषधंच नव्हती. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं १९५० नंतरच्या दशकात आली. भास होणारी, पळत सुटणारी माणसं त्यानंतर गोळ्यांनी शांत होऊ लागली. म्हणजे भिंतीचं एक कारण तिथंच संपलं. कारण संपलं, भिंत मात्र राहिली. जातीचंही असंच असतं. आज ठाण्याचं इस्पितळ गावाबाहेर राहिलेलं नाही, शहरच त्याच्या अंगावर चालून आलं. त्याच्या जमिनीवर ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं रेल्वे स्टेशन करायचं ठरलं. ज्या जमिनीकडं शंभर वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही ती आता सगळ्यांना हवी झाली. जमीन हवी. त्या जमिनीवरची माणसं कुणाला हवीत?

आत्याला बाप असल्याच एका दूरच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला. नाव सांगत नाही, नावानं काही बदलत नाही. तीन महिन्यांनी मी बापाबरोबर भेटायला गेलो. तिचे केस काढलेले. सगळ्या बायांना एकाच रंगाचे झगे. जाळीच्या पलीकडून ती आमच्याकडं बघत होती. बापानं शेवेची पुडी आणली होती, ती जाळीतून जाईना. आतली आया आली, तिनं कमरेची किल्ली काढली, दार किलकिलं केलं आणि पुडी घेतली. आया आपल्यातलीच होती. बापानं गाव विचारलं तर निफाडकडची निघाली, कुणाच्या तरी नात्यातली. पुडी घेऊन तिनं पुन्हा कुलूप लावलं. तिच्यावर मी रागवू कसा? घरी मी तेच करत होतो की.

हे मला फार वर्षांनी कळलं. कुलूप लावणारा आणि कुलपाच्या आतला, दोघंही बहुतेक वेळा गरिबाघरचेच असतात. आणि कुलूप का लावतात? क्रूरपणानं लावतात असं नाही. शंभर माणसांवर दोन आया ठेवल्या तर त्या दुसरं करणार काय? आमच्या घरी रात्रभर आत्याजवळ जागायला कोण होतं? आईला पहाटे भांड्यांना जायचं, बापाला बागेला पाणी घालायचं. कडी ही जागणाऱ्या माणसाच्या ऐवजी येते. कडीला पगार द्यावा लागत नाही, कडीला झोप येत नाही. जिथं माणूस ठेवायचा खर्च करायचा नसतो तिथं कडी बसवतात. म्हणून मी म्हणतो, इस्पितळाचा नकाशा आधी पगारपत्रकात तयार होतो, कागदावर नंतर येतो.

हा हिशेब कुठवर जातो ते देशानं पाहिलं आहे. तामिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे, दर्ग्याचं. तिथं खाजगी लोकांनी वेड्यांसाठी झोपड्या उभारल्या होत्या. घरच्यांनी आणून सोडलेली माणसं तिथं साखळ्यांनी बांधलेली असायची. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे अशा एका झापाच्या शेडला आग लागली. साखळ्या पायांत होत्या. २८ माणसं जळून गेली. त्यांना बांधणारे म्हणत होते की आम्ही त्यांच्या भल्यासाठी बांधतो. आम्हीही तेच म्हणत होतो. आमच्या पडवीला आग लागली नाही, एवढाच फरक.

आता काळारामाकडं येऊ. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी नाशकात सत्याग्रह सुरू केला. हजारो माणसं देवळापुढं उभी राहिली. देवळाची दारं आतून बंद. देवाचं दर्शन हा मुद्दाच नव्हता, मुद्दा होता की दार लावायचा अधिकार कुणाला. आपण त्या वेळी बाहेर होतो आणि कडी आत होती. वेड्यांच्या वॉर्डात आपण आत असतो आणि कडी बाहेर असते. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी. कडी दुसऱ्याच्या हातात. मला वाटतं, गुलामीची सगळ्यात साधी खूण हीच आहे. दार उघडं आहे की बंद, यापेक्षा कडी कुणाच्या बाजूला आहे ते बघावं.

बाबासाहेबांनी हे अंगावर घेतलं होतं. परदेशात शिकून आल्यावर बडोद्याला नोकरी होती, पण राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीचं मोठं दालन, मिणमिणता कंदील, बोलायला माणूस नाही. त्या एकटेपणाबद्दल त्यांनी पुढं स्वतः लिहिलं आहे. पुस्तकात डोकं घालून ते विसरायचा प्रयत्न करत. मग एक दिवस काठ्या घेऊन लोक आले आणि तेही छप्पर गेलं. गाडीच्या वेळेपर्यंत बागेत बसून राहिले. एवढ्या पोलादी माणसाला जागेनं असं छळलं, तर तुमच्या-माझ्यासारख्याची काय कथा?

आणि रोहित वेमुला. हैदराबादच्या विद्यापीठात त्याला आणि त्याच्या चार मित्रांना हॉस्टेलमधून काढलं. त्यांनी उघड्यावर पाल ठोकलं आणि त्याला नाव दिलं 'वेलिवाडा', म्हणजे तेलुगूत आपला महारवाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. त्याला वेडा ठरवायचं नाही, कुणी ठरवत असेल तर त्याचं तोंड बंद करायचं. पण एवढं बघायचं की आधी त्याची खोली काढून घेतली गेली.

इथं एक सावधगिरी सांगतो. सगळं वेड समाजानंच आणलेलं असतं असं मी म्हणत नाही. मेंदूचे आजार असतात, ते ब्राह्मणालाही होतात आणि बौद्धालाही. क्रांती झाली तरी ते राहतील. गोळ्या लागतात, डॉक्टर लागतो. 'सगळा दोष व्यवस्थेचा' म्हणून गोळ्या बंद करणारा कार्यकर्ता मांत्रिकाइतकाच धोक्याचा. माझं म्हणणं एवढंच, की आजार कुठूनही येवो, आजाऱ्याला कुठं ठेवायचं हे माणसं ठरवतात. त्याची जबाबदारी माणसांची.

मग जागा कशी असावी? त्याला उदाहरणं आहेत, आणि पहिलं आपल्या उशाला आहे. नाशकाच्या त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. लोक पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा काही संबंध नाही. ती आपल्या भिक्खूंची. एखाद्या विहारात जाऊन उभे राहा. मधे मोठं दालन, तीन बाजूंना लहान लहान खोल्या, पुढं व्हरांडा, व्हरांड्यातून सगळा मुलूख दिसतो. एकेक खोली वेड्यांच्या कोठडीएवढीच. मग फरक कशात? भिक्खू एकटा बसायला खोलीत जायचा आणि माणसांत यायला दालनात. सकाळी भिक्षेला डोंगर उतरायचा. एकांत होता, पण कोंडणं नव्हतं. एकांत आणि कोंडणं यांत दगडाचा फरक नाही, परवानगीचा आहे.

पटाचाराची कथा आपल्यात सांगतात. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ एका झटक्यात गेले. बाई शुद्ध हरपून उघडीनागडी फिरत भगवंतांच्या सभेकडं आली. लोक म्हणाले, वेडी आहे, आत येऊ देऊ नका. भगवंत म्हणाले, अडवू नका, येऊ द्या. कुणीतरी अंगावरचं वस्त्र तिच्यावर टाकलं. ती आली, बसली, बोलली आणि हळूहळू शुद्धीवर आली. पुढं ती थोर थेरी झाली. या कथेत मला तीन गोष्टी दिसतात. दार अडवलं नाही, अंग झाकलं, आणि माणसांत बसवलं. मानसोपचाराची इमारत या तिन्हीवर उभी राहते.

कुणी म्हणेल, ह्या जुन्या कथा. तर नव्या घ्या. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉक्टर विद्यासागर होते. इस्पितळात जागा अपुरी, आणि नातेवाईक रोगी टाकून निघून जायचे. या डॉक्टरनं आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीही इथंच राहा. आई, भाऊ, नवरा रोग्याजवळ राहू लागले. काय करायचं, काय नाही हे शिकले, आणि माणूस घेऊनच परत गेले. आमच्या देवळालीतला तळ माणसाला घरच्यांपासून तोडून वाट बघायला लावणारा होता. अमृतसरचे तंबू घरच्यांना जवळ आणणारे. तात्पुरता निवारा दोन्हीकडं. म्हणजे पैसा कमी म्हणून कोंडावं लागतं हे खरं नाही. माझ्या आईला त्या इस्पितळात आत्याजवळ चार दिवस राहू दिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

इटलीत त्रिएस्त शहरात फ्रँको बझालिया नावाचा डॉक्टर होता. तिथल्या रोग्यांनी आणि कलावंतांनी १९७३ साली लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा मोठा निळा घोडा केला. तो बाहेर काढायची वेळ आली तेव्हा कळलं, घोडा दारातून मावत नाही. घोडा कापला नाही. दार फोडलं. रोगी, परिचारक, डॉक्टर सगळे घोड्यामागून शहरात गेले. १९७८ साली त्या देशानं कायदा केला आणि असल्या कोंडवाड्यांत नवीन माणूस घालणं बंद केलं. त्याऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्यांत केंद्रं निघाली.

आता खरा अवघड प्रश्न. आत्या रुळाकडं जायची, हे खोटं नव्हतं. कडी नसती तर ती कदाचित गाडीखाली गेली असती. मग कडी चूक की बरोबर? वर्षानुवर्षं मी यावर विचार केला. जीव वाचवणं पहिलं, यात दुमत नाही. ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत त्याच्या खोलीत दोर अडकवता येईल असा हूक नसावा, कीटकनाशकाचा डबा हाताशी नसावा. बांधणाऱ्यानं हे बघितलंच पाहिजे. पण आतून लावता येणारी आणि जिवावर बेतलं तर बाहेरून उघडता येणारी कडी करता येते. लोहाराला सांगितलं तरी करील. आणि धोक्याच्या रात्री जागं माणूस जवळ बसवता येतं. आमच्याकडं तो माणूस नव्हता म्हणून आम्ही लोखंड बसवलं. आमची ती लाचारी होती. पण सरकारला लाचारी कसली? गरिबाची कडी आणि सरकारची कडी एकाच मापानं तोलू नका. आईला मी दोष देत नाही. आणि तरीही 'दार उघडं हाय' हे मी खोटं बोललो होतो, ते माझ्यावरून उतरत नाही. लाचारीनं केलेली गोष्ट माफ होते, पण तिला बरोबर म्हणायचं नसतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. त्यात लिहिलंय की रोग्याला साखळीनं बांधता येणार नाही, एकटं कोंडता येणार नाही, जबरीनं केस काढता येणार नाहीत, गणवेशाची सक्ती नाही, खाजगीपण राखलं पाहिजे, काम करून घेतलं तर मोबदला दिला पाहिजे, आणि जातीवरून भेद करता येणार नाही. आपल्या लोकांना ॲट्रॉसिटीचा कायदा तोंडपाठ आहे, हा का नाही? संविधान मानणाऱ्याच्या खिशात हाही असावा.

तो खिशात घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात जा आणि बघा.

एक, संडासाला दार आहे का आणि ते आतून लागतं का?
दोन, खाटेवर बसलं तर खिडकीतून काय दिसतं? खिडकी छातीच्या वर असेल तर ती फक्त उजेडासाठी केली, माणसासाठी नाही.
तीन, सोबतच्या नातेवाइकाला टेकायला जागा आहे का?
चार, एका आयेवर किती रोगी? तिला रात्री झोप आणि महिन्याला पगार वेळेवर मिळतो का?
पाच, वस्तीतून तिथं जायला एसटी आहे का? की एक दिवसाची मजुरी बुडवून जावं लागतं?

आणि दुसऱ्यांनाच विचारू नका. आपण गावोगाव विहार बांधतोय, संगमरवर घालतोय. प्रत्येक विहाराला एक खोली जास्त काढा. पंखा, माठ, दोन खुर्च्या, आतून कडी. ज्याला घरात रडायला कोपरा नाही त्याला तिथं बसू द्या. आठवड्यातून एकदा सिव्हिलचा डॉक्टर किंवा शिकलेला कार्यकर्ता येऊ द्या. १४४१६ हा सरकारचा फुकटचा फोन नंबर, २०२२ पासून चालू आहे, मनाच्या त्रासासाठी. तो विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. एवढं तर आपल्या हातात आहे.

आत्या दोन वर्षांनी इस्पितळातून परत आली. शांत झाली होती. गोळ्या घ्यायची, भाकरी खायची. आईनं पडवीच्या दाराची कडी काढून टाकली, चार खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. पण आत्या दारातून बाहेर येईना. दार सताड उघडं, समोर अंगणात ऊन, कोंबड्या चरतायत, आणि ती उंबऱ्याच्या आत उभी. कुणीतरी "चल आत्या" म्हणेपर्यंत तशीच उभी राहायची. पुढं नऊ वर्षं जगली. एकदाही आपल्या मनानं उंबरा ओलांडला नाही.

बाहेरची कडी काढता येते. आत बसलेली कडी निघायला किती काळ लागतो, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे? म्हणून आधीच ती बसू देऊ नका.